दोन रिंगांवर टेकलेला नेम

20 मे 2023 रोजी ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तिसरी आली. एनटी-1, एनटी-2, एनटी-3 ही त्यांची नावं गोंदिया जिल्ह्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची झाली. त्यांच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरबद्दल लिहून आलं, त्या कुठे फिरतात याच्या बातम्या झाल्या. या सगळ्याच्या आधी जे घडावं लागतं ते मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत घडून जातं. बंदुकीतून सुटलेली सुई वाघिणीच्या मांडीच्या स्नायूत शिरते, किंवा शिरत नाही. ती शिरावी म्हणून औषध मोजणारा पशुवैद्यक असतो, नेम धरणारा माणूस असतो, आणि त्या माणसाच्या डोळ्यापुढची दुर्बीण जागेवर धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा असतात. ही पुस्तिका त्या रिंगांविषयी आहे. त्या कशा निवडाव्यात, बंदुकीवर कशा बसवाव्यात आणि बसवल्यावर कशा तपासाव्यात, एवढाच तिचा विषय.

विषय लहान वाटेल. पण वन खात्याच्या माणसांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली आहे. औषधाबद्दल सगळे काळजीने बोलतात, बंदुकीच्या गॅसबद्दल बोलतात, दुर्बिणीच्या काचेबद्दल तर हौसेने बोलतात. रिंगांबद्दल कुणी विचारत नाही. त्या दुर्बिणीबरोबर डब्यात आलेल्या असतात, कुणीतरी कधीतरी बसवलेल्या असतात, आणि बसवल्या म्हणजे झालं असं धरलं जातं. नेम चुकला की दोष नेम धरणाऱ्याच्या हाताला लागतो. तो हात निर्दोष असण्याची शक्यता किती मोठी असते, हे पुढच्या पानांतल्या साध्या गणितावरून वाचकाला दिसेल.

आधी जागेबद्दल थोडं. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. धानाचा, तळ्याबोड्यांचा आणि जंगलाचा हा मुलूख. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि डिसेंबर 2013 मध्ये या दोघांना नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका या अभयारण्यांची जोड देऊन नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. नकाशावर पाहिलं तर हे जंगल कान्हा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा यांच्या मधोमध येतं. वाघाला एका जंगलातून दुसऱ्यात जायचं तर वाट इथूनच. याच नागझिऱ्यातून निघालेला ‘जय’ हा वाघ 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला होता. पण ही वाट सलग झाडीतून जात नाही. मध्ये धानाच्या बांध्या आहेत, गावं आहेत, नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 आहे, गोंदिया-बल्लारशा रेल्वे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया-माणसं पहाटेच जंगलात शिरतात. बिबट्या कोंबडीच्या मागे गावात येतो आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीजवळ मोटारीची धडक बसलेला तरुण वाघ उपचारासाठी नागपूरला नेताना वाटेतच गेला, त्याचं चित्रीकरण अनेकांनी पाहिलं असेल.

अशा मुलखात जनावर न मारता हाताळता येणं ही रोजची गरज आहे, आणि कायद्याचंही तेच म्हणणं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 सांगतं की, जनावर पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही आणि दुसरीकडे हलवताही येत नाही, याची खात्री पटल्याखेरीज मुख्य वन्यजीव रक्षकाने त्याला मारण्याचा आदेश देऊ नये. म्हणजे बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला की नाही, यावर पुढे एका जिवाचा निकाल लागू शकतो. भंडारा, वडसा आणि ब्रह्मपुरी भागात 13 माणसांचा बळी घेणारा सीटी-1 वाघ 13 ऑक्टोबर 2022 रोजी वडसा वनक्षेत्रात ताडोबाच्या पथकाने बेशुद्ध करून जिवंत पकडला. त्या तेरा घरांतलं दुःख कमी झालं नाही, पण शोध संपला आणि वाघही मेला नाही. हे शक्य झालं, कारण डार्ट लागायचा तिथे लागला.

डार्टची बंदूक ही तशी अलीकडची वस्तू. न्यूझीलंडमधल्या टिमारू गावच्या कॉलिन मर्डोक या औषधविक्रेत्याने आणि पशुवैद्यकाने 1950 च्या दशकात जनावराला लांबून इंजेक्शन देण्याच्या कल्पनेवर काम सुरू केलं. एकदा वापरून टाकायची प्लास्टिकची सिरिंजही त्याचीच. त्याच सुमाराला अमेरिकेत जॉर्जियामध्ये हरणं पकडण्यासाठी अशीच साधनं तयार होत होती. आपल्याकडे आज जी दिसतात त्यांत कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणारी बरीच आहेत. गॅसचा दाब चाकाने कमीजास्त करायचा, घड्याळावर तो वाचायचा, आणि अंतर पाहून दाब ठरवायचा. नळी 11 किंवा 13 मिलिमीटरची, आतून गुळगुळीत. डार्ट म्हणजे शेपटीला रंगीत गोंडा असलेली सिरिंज. सुईचं भोक बाजूला असतं आणि त्यावर रबराची बाही असते. सुई कातडीत शिरताना बाही मागे सरकते, आणि मागच्या कप्प्यात कोंडलेली हवा दट्ट्या ढकलून औषध आत सोडते.

यातली एकच गोष्ट रिंगांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, पण ती इतकी महत्त्वाची आहे की अर्धी पुस्तिका तिच्यावरच उभी आहे. डार्ट हळू जातो. हळू जायलाच हवा. वेगाने गेला तर सिरिंज मांसात घुसेल, हाड मोडेल. पण हळू जाणारी वस्तू वाटेत खाली पडते. डार्ट सेकंदाला 60 मीटर वेगाने सुटला असं धरू. 20 मीटर जायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि तेवढ्या वेळात तो 54 सेंटिमीटर खाली येतो. 30 मीटरला अर्धा सेकंद, आणि पडणं सव्वा मीटर. यात हवेचा अडथळा धरलेला नाही. तो धरला तर आकडे वाढतातच. आता सेकंदाला 800 मीटर जाणारी रायफलची गोळी घ्या. तेवढ्याच 30 मीटरमध्ये ती 7 मिलिमीटर पडते. सव्वा मीटर आणि 7 मिलिमीटर, या दोन आकड्यांमधला फरक लक्षात आला की रायफलवर दुर्बीण बसवण्याचं नेहमीचं ज्ञान डार्टच्या बंदुकीवर जसंच्या तसं का चालत नाही हे कळतं. बाजारात मिळणाऱ्या दुर्बिणी, रिंगा आणि त्यांच्याबरोबरची माहितीपत्रकं गोळीचा हिशोब धरून केलेली असतात. आपल्याला हिशोब डार्टचा करायचा आहे.

पहिला परिणाम असा. 20 मीटरवर 54 सेंटिमीटर पडणारा डार्ट निशाण्यावर आणायचा, तर नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा तेवढं वर धरायला हवं. दुर्बीण नळीच्या 5 सेंटिमीटर वर बसलेली असते, तेही यात मिळवायचं. हिशोब केला तर नळी आणि दुर्बीण यांच्यात दीड ते पावणेदोन अंशांचा कोन लागतो. साध्या दुर्बिणीच्या वरच्या चकतीत वरखाली मिळून साधारण एक अंशाची हालचाल असते; मध्यापासून एका बाजूला अर्धाच. म्हणून चकती फिरवून फिरवून शेवटाला टेकते आणि डार्ट तरीही खालीच लागतो. मग सुचणारा उपाय म्हणजे मागच्या रिंगेखाली काहीतरी सारायचं: पत्र्याचा तुकडा, घडी घातलेला डबा, सायकलच्या ट्यूबची पट्टी. गणित पाहिलं तर उपायाची दिशा बरोबर आहे. दोन रिंगांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर मागची बाजू पुढचीपेक्षा जवळजवळ 3 मिलिमीटर उंच हवी.

पण एकाच रिंगेखाली काही सारणं ही दुर्बिणीवर जबरदस्ती आहे. पुढची रिंग एका दिशेने पाहते आणि मागची दुसऱ्या. दोन्ही कसल्या की मधली दुर्बिणीची ॲल्युमिनियमची नळी वाकते. बाहेरून ते दिसत नाही. आतली भिंगं मात्र एका ओळीत राहत नाहीत आणि रिंगेची कड नळीवर व्रण उमटवते. जीप हलली, ऊन-थंडी झाली की ताण कुठेतरी सुटतो आणि नेम आपोआप सरकतो. कोन द्यायचा असेल तर तो खालच्या पट्टीला द्यावा. मागे उंच आणि पुढे सखल अशी उतरती पट्टी मिळते. तिच्यावर दोन्ही रिंगा एकाच ओळीत राहतात आणि दुर्बीण अख्खी झुकते. काही रिंगांच्या पोटात गोलाकार बाही असते, ती नळीच्या कलाप्रमाणे स्वतः वळून बसते, त्याही चालतात. बंदूक बनवणाऱ्याने हा उतार आधीच दिलेला असेल तर उत्तमच, पण तो आहे का हे मोजून बघावं. पुस्तिकेतलं सर्वांत लांब प्रकरण या उताराचं आहे. ते लांबलं याची मला खंत नाही.

दुसरा परिणाम त्याहून फसवा आहे. दुर्बिणीच्या आत दिसणारा क्रॉस बंदुकीशी सरळ बसला नसेल, जरासा फिरलेला असेल, तर काय होतं? गोळीच्या बाबतीत 30 मीटरवर काहीच नाही. अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे. डार्टसाठी मात्र नळी सव्वा मीटर वर रोखलेली असते. ती 5 अंश कलली, तर तो सव्वा मीटर सरळ वर न राहता तिरपा होतो आणि डार्ट 10-11 सेंटिमीटर बाजूला जातो. 5 अंश म्हणजे किती? घड्याळात मिनिटकाटा एका मिनिटात 6 अंश सरकतो. त्याहून कमी. एवढा कल डोळ्याला सहसा कळत नाही, आणि जीपच्या टपावर वाकून बसलेल्या माणसाला तर नाहीच. बिबट्याच्या मांडीचा मांसल भाग केवढा असतो ते पाहा, त्यातून 10 सेंटिमीटर वजा करा. सुई पोटात जाईल, किंवा मांडीच्या मागून निघून धानाच्या बांधीत पडेल.

याला तोड गवंड्याच्या पिशवीत असते. ओळंबा. शेडमध्ये किंवा व्हरांड्यात 20 मीटर लांब, वारा नसलेल्या जागी ओळंब्याची दोरी टांगावी. दोरी पांढरी नायलॉनची असली तर दुर्बिणीतून लख्ख दिसते. बंदूक शिकंज्यात किंवा वाळूच्या पिशव्यांवर ठेवावी. ती आधी बंदूक म्हणून सरळ करावी, म्हणजे पट्टीच्या सपाट पाठीवर छोटी पाणसळ आडवी ठेवून बुडबुडा मध्यावर आणावा. मग दुर्बीण रिंगांमध्ये सैल ठेवून, तिची उभी तार दोरीवर बरोबर पडेपर्यंत हळूहळू फिरवावी. इथे घाई केली की पुढे सगळं चुकतं. तार दोरीवर बसली की रिंगांचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा दुर्बिणीतून पाहायचं, कारण स्क्रू आवळताना दुर्बीण आवळणाऱ्या हाताच्या दिशेने फिरते. एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण कसला तर ती हमखास फिरते. म्हणून कर्ण साधत, समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून घ्यायचे. शेवटी रिंगेच्या वरच्या आणि खालच्या अर्धुकांमधली फट दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. एकीकडे कागद जात नाही आणि दुसरीकडे नख जातं, अशी रिंग उघडून परत बसवावी.

किती आवळायचं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. बहुतेक रिंगांच्या वरच्या स्क्रूंसाठी बनवणारे 1.7 ते 2 न्यूटन-मीटर सांगतात. मनगटाच्या जोरावर हा आकडा कळत नाही. माणूस ॲलन की जेवढी फिरते तेवढी फिरवतो आणि नळी चेपते, नाहीतर चेपेल या भीतीने सैल सोडतो. मापाचा पाना, ज्याला कारागीर टॉर्क पाना म्हणतात, तो प्रत्येक पथकाकडे असावा असं माझं ठाम मत आहे. त्याची किंमत दुर्बिणीच्या किमतीपुढे फार नाही. खालच्या पट्टीचे स्क्रू बंदुकीच्या धातूत जातात. त्यांचा आकडा वेगळा असतो, पोलादात जास्त आणि ॲल्युमिनियमच्या आट्यात कमी. तो बंदुकीच्या माहितीपत्रकातून घ्यावा. पट्टीचे स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसून, तेलाचा अंश काढून, निळं लॉक-द्रव एक थेंब लावून बसवावेत. लाल लावू नये. त्याने बसलेला स्क्रू पुढे उघडत नाही. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना मात्र काही लावायची गरज नसते. ओला स्क्रू कोरड्यापेक्षा जास्त घट्ट बसतो आणि तोच आकडा तिथे नळी चेपायला पुरतो.

आता निवडीबद्दल, थोडक्यात. रिंगेचं पोट दुर्बिणीच्या नळीच्या मापाचंच हवं. नळ्या मुख्यतः 25.4 मिलिमीटरच्या, म्हणजे एक इंची, किंवा 30 मिलिमीटरच्या असतात. 34 च्याही निघाल्या आहेत, पण त्या आपल्या कामाच्या नाहीत. रिंगेचा पाय बंदुकीवरच्या पट्टीला जुळायला हवा, आणि इथे जास्त फसगत होते. हवेच्या आणि हलक्या बंदुकांवर बहुधा शेपटीच्या आकाराची खाच असते, तिला सगळे 11 मिलिमीटरची म्हणतात. प्रत्यक्ष मापात ती साडेनऊपासून पुढे कितीही भरते. रायफलच्या धाटणीच्या पट्टीवर आडव्या खाचा असतात. पिकॅटिनी पट्टीची खाच 5.23 मिलिमीटर रुंद, वीव्हरची 4.57. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बहुधा बसतात, उलट बसत नाहीत. दुकानदाराच्या तोंडच्या नावावर जाऊ नये, व्हर्नियर लावावा.

रिंगांची उंची जेवढी कमी ठेवता येईल तेवढी बरी. उंच रिंगेमुळे गाल लाकडाला टेकत नाही आणि मान ताणून पाहावं लागतं. संध्याकाळी सहा वाजता दोन तास एका जागी बसलेल्या माणसाच्या मानेला हे झेपत नाही. उंच रिंग हवी असते ती पुढे मोठं भिंग असेल तर. म्हणजे उंचीचा प्रश्न शेवटी दुर्बिणीपाशी येऊन थांबतो. डार्ट मारण्याचं अंतर साधारण 15 ते 30 मीटर. त्यासाठी 50 मिलिमीटरचं भिंग आणि सोळापट मोठं दाखवणारी दुर्बीण घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. इतक्या जवळ सोळापट केलं की दुर्बिणीत नुसते केस दिसतात, मांडी की खांदा तेच कळत नाही. अंधुक उजेडाचं गणितही सोपं आहे: भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. 32 मिलिमीटरच्या भिंगाला चौपटीवर 8 मिलिमीटर मिळतात, आणि माणसाची बाहुली अंधारातही 7 च्या पुढे फारशी उघडत नाही. चाळिशीनंतर त्याहून कमी. याहून मोठं भिंग त्या पटीवर डोळ्याला काहीच जास्त देत नाही. दीडपट ते पाच-सहापटीची, 32 च्या आतल्या भिंगाची, 10-15 मीटरवरही स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण घ्यावी आणि सखल रिंगांवर बसवावी. मोठं न करता नुसता लाल ठिपका दाखवणारं साधनही जवळच्या कामाला फार चांगलं आहे, विशेषतः पिंजऱ्याजवळ किंवा विहिरीच्या काठावर. 100 यार्डांसाठी जुळवलेली दुर्बीण 20 मीटरवर वापरली तर डोळा मध्यातून हलल्यामुळे येणारी चूक जास्तीत जास्त दीड सेंटिमीटरची असते. ओळंब्यावर न बसवलेला क्रॉस याच्या कितीतरी पट घात करतो. लोक पहिलीची चिंता करतात आणि दुसरीकडे पाहत नाहीत, म्हणून या दोन चुका इथे शेजारी शेजारी ठेवल्या.

दुर्बीण डोळ्यापासून किती दूर ठेवायची हे मात्र टेबलावर ठरवू नये. ज्याला नेम धरायचा आहे त्यानेच, कामाच्या वेळचा जाडा गणवेश घालून, जीपमध्ये बसावं तसं बसून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. पूर्ण गोल चित्र दिसेल तिथे दुर्बीण थांबवावी. डिसेंबरच्या पहाटे नवेगावबांधच्या काठावर स्वेटर आणि जर्किन घातलेला माणूस आणि मे महिन्यातला तोच माणूस यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन्हीला चालेल अशी मधली जागा शोधावी.

एवढं सगळं झाल्यावरही दुर्बीण नुसती बसलेली असते, नेम लागलेला नसतो. ज्या मापाचा डार्ट वापरणार त्याच मापाच्या, औषधाऐवजी तेवढंच पाणी भरलेल्या डार्टने, ठरलेल्या दाबावर, 15, 20, 25 आणि 30 मीटरवरून मारून पाहायला हवं. दीड मिलिलिटरचा आणि 5 मिलिलिटरचा डार्ट एकाच दाबावर एका जागी पडत नाहीत. बोरूच्या पोत्यात भुसा भरून केलेलं निशाण पुरतं; त्यावर मांडीचा आकार रंगवावा. थंडीत लावलेला नेम मे महिन्यात पुन्हा पाहावा, कारण कार्बन डायऑक्साइडचा दाब 20 अंशांना सुमारे 57 बार असतो आणि 30 अंशांना 72 च्या घरात जातो. घड्याळावर दाब नीट वाचला तर यातलं बरंच सांभाळलं जातं, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सिलिंडर ठेवून मग वाचलेला आकडा विश्वासाचा नसतो.

आणि गाडी. डार्टच्या बंदुकीचा धक्का नावापुरता असतो, त्यामुळे रिंगा सैल होण्याचं कारण तिथे शोधू नये. कारण मुरूमाच्या रस्त्यात आहे. सडक अर्जुनीहून निघून जंगलातल्या वाटांनी 40 किलोमीटर जीपच्या पत्र्यावर थरथरत गेलेली बंदूक आणि शेडमधून निघालेली बंदूक एक नसते. रिंग 10 सेंटिमीटरमागे एक दशांश मिलिमीटर सरकली तर 20 मीटरवर डार्ट 2 सेंटिमीटर हलतो. अर्धा मिलिमीटर सरकली तर 10 सेंटिमीटर. म्हणून बंदूक फोमच्या पेटीत, दुर्बीण वर येईल अशी ठेवावी, आणि बसवतानाच रिंगेच्या कडेला दुर्बिणीच्या नळीवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर नखपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटली की काहीतरी सरकलं. पोचल्यावर, जनावर दिसण्याआधी, ही रेघ पाहायला अर्धं मिनिट लागतं. त्या बंदुकीने मोकळ्या जागेत पाण्याचा एक डार्ट मारून पाहता आला तर आणखी चांगलं.

चुकलेल्या डार्टचं पुढे काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातलं काहीच जास्त वाटणार नाही. पूर्ण चुकला तर जनावर निघून जातं आणि दुसऱ्यांदा जवळ येऊ देत नाही. अर्धवट लागला तर ते वाईट. सुई चरबीत किंवा हाडाला लागली, औषध अर्धंच गेलं, तर बिबट्या पूर्ण झोपत नाही. तो तोल जात असलेला, घाबरलेला, मे महिन्याच्या 44-45 अंशांच्या उन्हात पळतो आणि त्याच्या अंगाचं तापमान चढत जातं. या जिल्ह्यात जिथे तिथे बोड्या आणि तळी. गुंगीत असलेलं जनावर पाण्याकडे गेलं तर हातभर पाण्यातही बुडतं. आणि भोवती गाव जमलेलं असतं, मोबाइल उंचावलेले असतात, पोरं झाडावर चढलेली असतात. अशा वेळी एखादा माणूस जखमी झाला तर पुढच्या वेळी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करू द्यायलाच गाव तयार होत नाही. या मुलखात वाघ टिकणं पुष्कळसं गावाच्या विश्वासावर अवलंबून आहे, आणि तो विश्वास ज्या वनरक्षकांनी वर्षानुवर्षं राबून कमावला त्यांच्याबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. त्यांच्या हातात सैल दुर्बिणीची बंदूक देणं मला अन्याय वाटतो.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. औषधांची नावं आणि मात्रा इथे नाहीत. तो पशुवैद्यकांचा अधिकार आहे आणि त्यांच्या हाताखालीच ते शिकावं. जनावराच्या अंगावर डार्ट कुठे मारावा, कधी मारू नये, याचे नियम राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत आणि पथकाच्या प्रशिक्षणात येतात. शिकारीसाठी किंवा स्पर्धेसाठी रायफलवर दुर्बीण बसवण्याचा विचार इथे केलेला नाही, जरी रिंगांच्या निवडीचं आणि आवळण्याचं प्रकरण कुणालाही उपयोगी पडेल. स्पर्धेतल्या नेमबाजांचं जग तर वेगळंच आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं ते दुर्बिणीशिवाय, भोकाच्या नेमावर, कारण त्या खेळात दुर्बिणीला परवानगीच नाही.

प्रत्येक पथकात बंदुकीच्या दुर्बिणीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी असं मी सुचवतो. मग तो वनरक्षक असो की वनपाल. त्याच्याकडे एक वही असावी. रिंगा कधी उघडल्या, किती आवळल्या, कुठल्या डार्टला कुठल्या दाबावर 20 मीटरवर नेम कुठे पडला, कुणाच्या हातून पडला, एवढंच तिच्यात यावं. त्या माणसाची बदली झाली की वही बंदुकीबरोबर मागे राहावी आणि नव्या माणसाने तिच्यावर सही करावी. आज ही माहिती बहुतेक ठिकाणी एखाद्या अनुभवी माणसाच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते. वहीचा नमुना शेवटच्या पानावर दिला आहे. झेरॉक्स काढून वापरावा, त्यात आपल्या बंदुकीप्रमाणे रकाने वाढवावेत.

पहिलं प्रकरण पट्टी मोजण्याचं आहे. ते वाचताना बंदूक रिकामी करून, गॅसचा सिलिंडर काढून समोर ठेवावी, आणि हाताशी व्हर्नियर असावा.